मास्तरांनी काढलेली घरं

५ जानेवारी, रविवार

सकाळी सरपंच माणिकराव आले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरच बसले होते, तरी माणिकराव माझ्याशीच बोलले. नव्या गावाचं सभागृह बांधून झालं, शिवजयंतीला उद्घाटन आहे. आतल्या भिंतींवर जुन्या गावातल्या प्रत्येक घराचा फोटो लावायचा असं ग्रामसभेत ठरलं म्हणे.

"धरणासाठी गाव उठायच्या आधी रवी मास्तरनं सारे घरं काढले व्हते," ते म्हणाले. "आमाले आठवते ना. असतीनच कुठी."

मी सांगितलं, ज्या फोनवर काढले तो फोन ह्यांनी कधीच बदलून टाकला. फोटो आहेत ते फक्त शाळेसाठी बनवलेल्या प्रेझेंटेशनमध्ये. 'आपलं गाव' म्हणून भाग होते, वर्गातल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून पोरांना दाखवायचे.

"त्याच्यातून निघत असतीन तर काढा वहिनी. आता पोराइले सांगतलं का आपल्या घराले असं दार व्हतं, तर त्याइले खरं नाही वाटत."

माणिकराव गेल्यावर मामाजी म्हणाले, "त्या डबड्यात हात घालू नको. हाय तसं असू दे."

डबडं म्हणजे ह्यांचा लॅपटॉप. हे जाऊन दोन वर्षं झाली. शाळेतच छातीत कळ आली आणि खामगावला पोचायच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून मामाजींनी एकुलत्या एक मुलाचं नाव एकदाही घेतलेलं मी ऐकलं नाही. काही माणसं आतून कोरडीच असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अंगणवाडीच्या खाऊसाठी मुरमुरे निवडत बसले.


६ जानेवारी

लॅपटॉप उघडला. बॅटरी गेलेली आहे, वायर लावूनच चालतो. टेबलावरची धूळ पुसली, पण झाकणावर ह्यांच्या बोटांचे ठसे होते ते पुसावेसे वाटले नाहीत.

भाग एक, दोन, तीन असं करत सगळे पाहिले. प्रत्येक चित्राखाली ह्यांच्या पद्धतीचं एक वाक्य. 'फकीर मोहम्मद भाई यांचे घर व कापूस पिंजण्याची जागा.' 'बनाबाई यांचे घर, दाराशी तुळस.' घर बरोबर मधोमध, आजूबाजूला काही नाही. मांजर नाही, वाळत घातलेलं लुगडं नाही. ह्यांना तसंच लागायचं. फोटोत फोटो काढणारा दिसला की फोटो नासला, असं पोरांना सांगायचे.

खरं सांगायचं तर मी घरं पाहतच नव्हते. हे कुठे सापडतात का ते शोधत होते. एका खिडकीच्या काचेत, एखाद्या घागरीवर. कुठेच नाहीत. घरात ह्यांचा फोटो आहे तो आधार कार्डासाठी काढलेला मोठा करून लावलाय. त्यात ते कुणी दटावून बसवल्यासारखे दिसतात. असे ते कधी दिसलेच नाहीत.


९ जानेवारी

पेनड्राइव्ह घेऊन एसटीने जळगाव जामोदला गेले. नौशादचा तिथे फोटो स्टुडिओ आहे. आपल्याच गावचा, फकीर मोहम्मद भाईंचा मुलगा. ह्यांनी त्याला चौथीत शिकवलं आहे.

त्याने स्क्रीनवरूनच चित्र उचलून मोठं करून दाखवलं. "वहिनी, असं केलं तर भिंतीवर सारं भुरकट दिसन. पुसून घेतल्यासारखं."

मागच्या खोलीत फकीर मोहम्मद भाई बसले होते. आता पिंजणं बंदच आहे, दिवसभर मुलाच्या दुकानात बसतात. ते उठून आले, स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.

"दरवाजे की कडी दिसते का रे? माह्या बापानं बसवली व्हती."

नौशादने ओढून ओढून मोठं केलं. कडीच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागले.

"राहू दे बेटा," म्हणाले आणि जाऊन बसले.

घरी आल्यावर मामाजींनी विचारलं, "निघाले?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाले. मला इतका राग आला की भाकरी करपली तरी कळलं नाही.


१२ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

अर्पिताचा बुलढाण्याहून फोन आला. कॉलेजला लागल्यापासून रविवारी दुपारी फोन येतो, आधी जेवणाचं विचारते, मग आजोबांचं. मी फोटोंचं रडगाणं गायलं. ती म्हणाली, "आई, स्क्रीनवरून कशाला काढतेस? फाईलच्या आत अख्खे फोटो असतात. ती फाईल म्हणजे एक गाठोडं असतं समज. आपण सोडून पाहायचं."

"कसं सोडायचं?"

"आधी फाईलची एक कॉपी कर. मूळ फाईलला हात लावू नको."

ते मी केलं. मग तिने वर 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाईलचं पूर्ण नाव दिसेल अशी खूण करायला लावली. नावाच्या शेवटी टिंब आणि पीपीटीएक्स आलं. "आता ते पीपीटीएक्स पुसून तिथे झिप लिही."

लिहिलं तशी पाटी आली की फाईल कदाचित निकामी होईल, करायचं का. माझा हात थांबला.

"अर्पू, ह्यांचं काही गेलं तर?"

"कॉपी आहे ना आई. दाब."

दाबलं. फाईलचं चित्र बदलून चेन लावलेल्या पिवळ्या पिशवीसारखं झालं. ती उघडली तर आत बरेच फोल्डर. तिने सांगितलं तसं 'पीपीटी' नावाचं उघडलं, त्यात 'मीडिया'. आणि त्यात सगळे फोटो, एकाखाली एक, इमेज एक, इमेज दोन. पहिला उघडला तो सगळा पडदा भरून आला. फकीर मोहम्मद भाईंचं दार. कडी दिसत होती, कडीला अडकवलेली दोरीसुद्धा.

पण प्रेझेंटेशनमध्ये होता त्यापेक्षा हा फोटो मोठा होता. डावीकडे बकरी होती. खाली गल्लीची पांढरी माती होती आणि त्या मातीवर एक लांब सावली पडलेली होती. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, हात डोळ्यांपाशी नेलेले. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

तो खांदा मी ओळखते. सायकलवरून पडले होते, हाड वाकडं जुळलं. सदरा शिवायला टाकताना दर वेळी शिंप्याला सांगावं लागायचं.

अर्पिता तिकडून "आई, आई, निघाले का?" करत होती. मी म्हटलं, निघाले. बाकीचं तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, मलाही कळलं नाही.


१३ जानेवारी

न राहवून तिला एवढंच विचारलं, की पडद्यावर नव्हतं ते आत कसं आलं. ती म्हणाली, "बाबांनी कडा कापल्या असतील. पण प्रेझेंटेशनमध्ये कापलं म्हणजे जात नाही आई, नुसतं झाकलं जातं. मूळ फोटो तसाच आत राहतो."

म्हणजे इतकी वर्षं हे त्यातच होते. शाळेच्या भिंतीवर माझ्यासमोर दाखवलं जात होतं तेव्हाही.


१८ जानेवारी

अंगणवाडी सुटली की रोज एक भाग सोडते. पूर्वेला तोंड असलेली घरं ह्यांनी शाळेआधी सकाळी काढली, पश्चिमेची संध्याकाळी. ऊन पाठीवर असायचं, त्यामुळे प्रत्येक दारासमोर हे आहेत. कुठे नुसतं डोकं, कुठे कमरेपर्यंत. नूरजहांच्या अंगणात तर पार उंबऱ्याला डोकं टेकलंय. मी आता घरं पाहतच नाही, थेट खाली पाहते.

मामाजींनी खाट आतल्या खोलीत आणली आहे, टेबलाशेजारी. ओट्यावर वारं झोंबतं म्हणे. दोन वर्षं झोंबलं नाही. रोज माझं काम आटोपत आलं की विचारतात, "आज कोणाचं निघालं?" थट्टा करतात की काय असं वाटतं.

आज म्हटलं, अर्जुनरावांचं.

"ते टाकीवर चढून काढलं व्हतं," म्हणाले.

होतं खरंच वरून काढलेलं. परवा नूरजहांचं म्हटलं तर म्हणाले, "तिथी कुत्रं मांगं लागलं व्हतं." वयाने काहीबाही आठवत असेल. मी लक्ष दिलं नाही.

ते जवळ आले की मी झाकण खाली करते. घरं दाखवायला माझी ना नाही. पण सावल्या त्यांना दाखवाव्याशा वाटत नाहीत. ज्या माणसाने डोळ्यातून टिपूस काढलं नाही, त्याला कशाला दाखवायच्या? एवढं एक माझं एकटीचं राहू दे. हे वाईट आहे का? असेल. लिहिलं तेवढं पुरे.


२५ जानेवारी

आज आमच्या घराचा भाग उघडला. सगळ्यात शेवटी ठेवणार होते, धीर धरवला नाही.

निघाला तो तळहाताएवढा, पुसट. दार, ओटा, संपलं. खाली काही नाही. मी दोनदा करून पाहिलं. अर्पिताला फोन केला. तिने विचारलं, ही फाईल बाबांनी कुणाला पाठवली होती का? पाठवली होती. तालुक्याला शाळेच्या स्पर्धेसाठी, मेलने. "मग लहान करायला फोटो दाबून बसवले असतील. तसं केलं की कापलेला भाग कायमचा जातो, आई. आता त्यात काहीच नाही."

सगळ्यांच्या दारात उभे राहिले आणि आपल्या दारातून गेले.

मामाजींनी विचारलं, "आज कोणाचं?"

"आपलं," म्हटलं. "पण बारीक आहे. स्पष्ट नाही."

"हं."

ताटात भाकरी तशीच ठेवून उठले. पोट बरं नसावं. तुरीचे ओले सोले घालून वांग्याची भाजी केली होती, ती त्यांना बाधते.


२ फेब्रुवारी, रविवार

नौशादकडे फोटो दिले. त्याने एकेक मोठा करून पाहिला, खूश झाला. वडिलांना हाक मारली. फकीर मोहम्मद भाईंनी कडी पाहिली आणि स्क्रीनवर बोट ठेवून बसले.

मग नौशाद कामाला लागला. "वहिनी, खालची सावली काढून टाकू ना? फ्रेम साफ येईन." माऊस नेता नेता थांबला. पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला.

"हे तं सर हायेत," म्हणाला.

मी म्हटलं, काप. लोकांना घरं पाहिजेत. ह्यांनी स्वतःच कापलं होतं, मी कोण उलटं करणारी? फक्त अख्ख्या फोटोंचा एक संच मला वेगळा दे.

"कापतो," तो म्हणाला. पण आज त्याने एकही कापला नाही. मशीन तापली म्हणे.


९ फेब्रुवारी, रविवार

एकच फाईल राहिली होती, सगळ्यात जुनी. तिचं नाव नुसतं पीपीटीने संपतं, शेवटचा एक्स नाही. झिप केलं तर उघडेचना. अर्पिताने सांगितलं की जुन्या तऱ्हेच्या फाईलचं गाठोडं असं सुटत नाही. ती आधी उघडायची, नव्या तऱ्हेने परत सेव्ह करायची, मग नाव बदलायचं. केलं.

त्यात बनाबाईंचं घर निघालं.

जुन्या गावात बनाबाई आमच्या समोर राहायच्या. मध्ये गल्ली, आमचं दार पश्चिमेला, त्यांचं पूर्वेला. प्रेझेंटेशनमध्ये त्यांचं दार आणि तुळस एवढंच होतं. आता अख्खा फोटो आला, तो उंचावरून काढलेला होता. आमच्या धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावरून. गल्लीत आमच्या घराची सावली पडली होती, धाब्याची कड सरळ रेघ मारल्यासारखी, कडेला शिडीची दोन टोकं. आणि त्या रेघेवर हे उभे होते, कोपरं बाहेर काढून, पुढे झुकलेले.

ह्यांच्या मागे आणखी एकजण होता. बुटका, डोक्यावर टोपी. त्याचा एक हात पुढे येऊन ह्यांच्या कमरेला मिळाला होता.

त्या टोपीची बसकी घडी मी रोज पाहते. ती खुंटीवर होती, माझ्या समोर.

हे रोज उजाडल्यावर फोटो काढायला निघायचे, तेव्हा मामाजीही घरात नसायचे. मला वाटायचं शेतात गेले. टाकी, कुत्रं, सगळं आठवलं. मी त्या वेळी चुलीपाशी होते आणि दोघं बाहेर होते, गावभर.

झाकण खाली करावंसं वाटलं. तेही लिहिते.

मग हाक मारली, "मामाजी, जरा इकडे या."

ते आले, खाटेवर बसले, चष्मा शोधला. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. आधी त्यांना बनाबाईंचं दारच दिसलं. "बनाबाईची तुयस," म्हणाले. मग नजर खाली उतरली.

माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "बाकीच्याइतही हाय?"

"आपलं घर सोडलं तर सगळ्यांत आहेत."

"तू रोज पाहत व्हती?"

"हो."

मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "दाखव."

मी पहिल्यापासून दाखवले. प्रत्येक ठिकाणी ते सांगत गेले, इथी त्याले ठेच लागली, इथी नूरजहांनं चहा पाजला, इथी ऊन यायची वाट पाहत बसलो. 'रवी' असं नाव घेतलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा. रवी असा, रवी तसा. मी नुसती पुढचा फोटो, पुढचा फोटो करत गेले.


११ फेब्रुवारी

बनाबाईंना बोलावून त्यांचा फोटो दाखवला. एकदा त्यांचं दार पोटभर पाहून झाल्यावर विचारलं, "बाई, खालचं कापून देऊ? तुमचं घर तेवढं राहील."

"काऊन कापतं?" त्या म्हणाल्या. "माह्या अंगणात दोघं बापलेक आले, अन् मी त्याइले हाकलून देऊ?"

मी म्हटलं, ह्यांना फोटोत आलेलं आवडायचं नाही.

"त्याले नसंन आवडत. आमाले आवडते ना."

नौशादला फोन केला, एकही कापू नको. तो म्हणाला, "कापलेच नव्हते वहिनी. मशीन चांगली हाय."


१९ फेब्रुवारी, बुधवार

सभागृहाचं उद्घाटन झालं. भाषणं झाली, शाळेच्या पोरांनी पोवाडा म्हटला. त्यानंतर कुणी खुर्चीवर बसायलाच तयार नव्हतं, सगळे भिंतींपाशी. म्हातारी माणसं नातवंडांना उचलून दाखवत होती. माणसांनी आपापलं घर शोधलं, मग शेजाऱ्याचं, मग वाद सुरू झाला की निंब कुणाच्या हद्दीत होता. माणिकरावांना ओरडून सांगावं लागलं की जेवण थंड होऊन राह्यलं.

सावली आधी पोरांनीच पाहिली. हा कोण, याच्यातही हाय, त्याच्यातही हाय. एक पोरगी म्हणाली, हे सर आहेत. मग मोठी माणसंही खाली वाकून पाहायला लागली. अर्जुनराव माझ्याकडे आले, हात जोडले आणि गेले.

अर्पिता बुलढाण्याहून आली होती. तिला मी आधी सांगितलं नव्हतं. ती पहिल्या फोटोपाशी थांबली ती तिथेच. नंतर माझा पदर धरून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. म्हणाली, "मला फोनवर का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, मला सांगता आलं नसतं.

आमच्या घराचा तो तळहाताएवढा पुसट फोटोही नौशादने लावला आहे. तो कुणी फारसा पाहिला नाही.

मामाजी आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. संध्याकाळी सगळे पांगल्यावर टोपी घालून निघाले. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. दिवे लागले तरी परतले नाहीत म्हणून मी सभागृहापर्यंत गेले आणि खिडकीतून डोकावले. बनाबाईंच्या घराच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले होते. मी आत गेले नाही.


२० फेब्रुवारी

अर्पिता सकाळच्या एसटीने गेली. मी आणि मामाजी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेलो. परत येताना सातपुडा स्वच्छ दिसत होता. मामाजी हळूहळू चालत होते, मीही त्यांच्या चालीने.

मी विचारलं, "मामाजी, त्या दिवशी धाब्यावर तुम्ही काऊन चढले होते?"

"काठ कच्चा झाला व्हता. माती ढासळत व्हती." थोडं चालून थांबले. "तो पाहे मोबाईलात अन् सरके पुढं. मी मांगून करदोडा धरला. चाळीस वर्साचा माणूस. म्हणे, बाबा सोडा, लोकं पाहतीन, मी काय लहान हाव?"

"मग?"

"मी नाही सोडला."

एवढं बोलून ते चालू लागले.